प्रकल्प नोंदी: अतिनील दिवा, ग्लूची कडी आणि त्वचेचा रंग

२ जून

कामं दोन आहेत आणि दिवा एक. त्वचेचा रंग मोजणारा हातात धरायचा प्रोब तयार करायचाय. त्याची १० मिमी व्यासाची क्वार्ट्झची खिडकी स्टीलच्या कडीत यूव्ही ग्लूने, म्हणजे अतिनील उजेडाने घट्ट होणाऱ्या गोंदाने, बसवायची. चाळीस कड्या. नंतर त्वचेच्या नमुन्यांना अतिनील प्रकाश देणारी पेटी बांधायची. नमुने म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, मेलॅनोसाइट (मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी) असलेली बाह्यत्वचा. माणसावर काहीही करायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं.

दिवा ३६५ नॅनोमीटरच्या एलईडींचा ॲरे आहे. जीवशास्त्र बघणाऱ्या मॅडमनी बैठक उठता उठता विचारलं, "तुमच्या ग्लूच्या कागदावर ३ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर लिहिलंय. आमच्याकडे दहा ज्यूल, वीस मिलिज्यूल असे आकडे असतात. हा ज्यूल एकच ना?" मी पटकन हो म्हणालो. जिना उतरताना वाटलं, इतक्या पटकन म्हणायला नको होतं.

३ जून

मीटर. कपाटात ३९५ चा जुना ॲरेही सापडला, म्हणून दोन्ही लावून पाहिले. ३६५ ला जिगच्या (कडी धरून ठेवणाऱ्या साच्याच्या) अंतरावर २०० मिलिवॉट प्रति चौ. सेंमी. मिळाले. ३९५ ला ९०. शिकाऊ मुलगा म्हणाला, "दादा, हा मेलाय." मेला नव्हता. मीटरचं डोकं ३६५ साठी कॅलिब्रेट केलेलं आहे. ३९५ चे फोटॉन त्याला अर्धेमुर्धेच दिसतात आणि जेवढे दिसतात तेवढेच तो सांगतो. ३९५ चा दिवा परत कपाटात. मीटरवर पट्टी चिकटवली: "फक्त ३६५".

दिवा लावल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत आकडा खाली घसरतो, कारण चिप तापली की एलईडीचा उजेड कमी होतो. यापुढे तीन मिनिटं तापवून मगच मोजायचं.

५ जून

पहिल्या सहा कड्या केल्या. खिडकीखालचा ग्लू दगडासारखा कडक, पण काठावर बाहेर आलेली कड बोटाला चिकटते. (हातमोजा होता.) हे अपेक्षितच होतं. ॲक्रिलेट ग्लूत उजेडाने फोटोइनिशिएटर (उजेड खाऊन सुरुवात करून देणारा घटक) फुटतो, मुक्त मूलकं म्हणजे रेणूंचे चटकन जोडले जाणारे तुकडे तयार होतात आणि साखळ्या वाढू लागतात. हवेतला ऑक्सिजन त्या मूलकांना गाठतो आणि त्यांचे पेरॉक्सी मूलक करून टाकतो. ते इतके आळशी की साखळी पुढे सरकतच नाही. खिडकीखाली ऑक्सिजन संपतो, काठावर मात्र हवेतून येतच राहतो.

६ जून

ज्यूलचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मुद्दाम एक चाचणी घेतली. काचपट्टीवर ग्लूचे दोन ठिपके. एकाला २०० मिलिवॉट ५ सेकंद, दुसऱ्याला दिवा मंद करून २० मिलिवॉट ५० सेकंद. दोन्हींचा हिशेब १ ज्यूल. पहिल्याचा पृष्ठभाग जवळजवळ कोरडा. दुसऱ्यावर कापूस ठेवला तर तंतू चिकटून राहिले.

मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ, आणि गुणाकार तोच असेल तर परिणामही तोच, हा बुन्सेन आणि रॉस्को यांचा एकोणिसाव्या शतकातला नियम. ग्लू तो पाळत नाही. एक कारण ऑक्सिजन: मंद उजेडात मूलकं सावकाश बनतात, तोवर हवेतून नवा ऑक्सिजन येऊन पोचतो. दुसरं कारण ऑक्सिजन नसतानाही लागू होतं. दोन वाढत्या साखळ्या एकमेकींना भेटून थांबतात, म्हणून वेग तीव्रतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दहापट उजेड दिला तर वेग सुमारे सव्वातीनपट होतो, दहापट नाही.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या की त्वचा लाल होण्याच्या बाबतीत हा नियम बराच चांगला चालतो. तेव्हा ग्लूच्या ज्यूलला वेळ सोबत लिहिल्याशिवाय अर्थ नाही, त्वचेच्या ज्यूलला तसं थोडंफार चालतं. तिथे पंचाईत वेगळी आहे. ती पुढे येईल.

तोवर काठ चिकट राहू नये म्हणून प्रत्येक कडीला ४५ सेकंद द्यायचं ठरलं. म्हणजे ९ ज्यूल, कागदावरच्या तिप्पट. डोक्याचं काम टाळून दिव्यावर भागवायचं, असा हा उपाय. पण सध्या चालेल.

९ जून

मुलाने हौसेने पॉलिकार्बोनेटची खिडकी लावून पाहिली, स्वस्त पडेल म्हणून. दोन मिनिटं दिवा देऊनही खालचा ग्लू पातळच. पॉलिकार्बोनेट ३६५ आत जाऊच देत नाही; म्हणून तर संरक्षक चष्मे त्याचे असतात. डोळ्यावर ज्याने आडवायचं, त्याच्यातूनच ग्लूला उजेड द्यायला निघालो होतो. त्याला रागावलो नाही. मीही एकदा हेच केलंय, फक्त कोणी बघत नव्हतं.

११ जून

चाळीस कड्या एका बैठकीत. हाताने जिग सरकवत. पाठ गेली.

१२ जून

सकाळी डाव्या मनगटावर, हातमोजा आणि बाही यांच्या मधल्या फटीत, दोन बोटं रुंदीची तपकिरी पट्टी. काल लाली नव्हती, आग नव्हती, खाजही नव्हती. नुसती काळवंडली.

आधी हिशेब. मीटर जिगपाशी मनगटाच्या जागी धरला: स्टीलवरून परतून आलेला उजेड ८ मिलिवॉट. चाळीस कड्या, प्रत्येकी ४५ सेकंद, म्हणजे ३० मिनिटं. गुणाकार १४.४ ज्यूल प्रति चौ. सेंमी. अतिनील-ए ने (अतिनीलचा लांब तरंगलांबीचा भाग, आमचा ३६५ त्यातलाच) त्वचा टिकून काळवंडायला लागणारी मात्रा साधारण याच घरातली असते, असं मॅडम म्हणाल्या. "प्रयोग माणसावर करायचा नव्हता ना?" असंही म्हणाल्या. यावर मी काय बोलणार.

डोळ्यांचा हिशेब जास्त घाबरवणारा आहे. असंरक्षित डोळ्यासाठी अतिनील-ए ची आठ तासांची आंतरराष्ट्रीय मर्यादा १ ज्यूल प्रति चौ. सेंमी. आहे. ८ मिलिवॉटने ती १२५ सेकंदांत भरते. माझा चष्मा होता. मुलगा मधे दोनदा चष्मा कपाळावर सरकवून कड्या मोजत होता. आज काम बंद. जिगभोवती काळ्या पत्र्याचा डबा, झाकण उघडलं की दिवा बंद होईल असा स्विच. हे होईपर्यंत एकही कडी नाही.

१३ जून

लाली का आली नाही, हे लिहून ठेवायला हवं, कारण ज्यूलच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

त्वचा लाल करण्याची ताकद तरंगलांबीनुसार बदलते आणि तिचा एक प्रमाणित वक्र आहे. २९८ नॅनोमीटरपर्यंत वजन १ धरतात, तिथून पुढे ते कोसळतं. ३०० ला सुमारे ०.६५, ३६५ ला ०.०००४२. म्हणजे लालीच्या दृष्टीने ३०० चा एक ज्यूल ३६५ च्या दीड हजार ज्यूलना भारी. माझे १४.४ ज्यूल या वजनाने गुणले की ६ मिलिज्यूल उरतात. लालीची जी प्रमाण मात्रा धरतात ती १० मिलिज्यूल, आणि गोऱ्यापान त्वचेलाही लाल व्हायला अशा एकाहून जास्त लागतात. माझी त्वचा मुळात सावळी. लाली येण्याचा प्रश्नच नव्हता.

काळवंडण्याचा हिशेब मात्र वेगळ्या वक्रावर चालतो. अतिनील-ए पडल्यावर त्वचेत आधीच असलेलं मेलॅनिन आणि त्याचे कच्चे घटक ऑक्सिडाइज होतात आणि गडद दिसतात. नवं मेलॅनिन बनत नाही. आहे तेच रंग बदलतं. पहिली करडी झाक मिनिटांत येते आणि दोनेक तासांत ओसरते, मात्रा जास्त असेल तर तपकिरी छटा मागे राहते. या सगळ्याला ऑक्सिजन लागतो. आठ दिवस ज्या ऑक्सिजनला शिव्या घालतोय, तोच मनगटावर इमानाने काम करून गेला.

जाता जाता: १८०१ मध्ये रिटरने जांभळ्या रंगापलीकडचे हे किरण शोधले ते सिल्व्हर क्लोराइड काळं पडलं म्हणून. या प्रकाशाचा पहिला मीटर म्हणजे काळवंडणारी एक वस्तूच होती. माझं मनगट फार जुन्या परंपरेतलं आहे.

१६ जून

पट्टी हाताशी आहेच, तर तयार प्रोब तिच्यावर आणि शेजारच्या त्वचेवर लावून पाहिला. मग मॅडमच्या टेबलावरच्या मोठ्या वर्णमापकावर तीच शेजारची जागा.

मोठ्या यंत्रावर उजळपणा ५८, पिवळेपणा १७. आमच्या प्रोबवर उजळपणा ५८, पिवळेपणा १५. मला वाटलं, दोनाचा फरक, ठीक आहे. मॅडमना नाही वाटलं. त्या रंगाचा एक कोन काढतात: उजळपणातून ५० वजा, भागिले पिवळेपणा, त्याचा आर्कटॅन. ८ भागिले १७, कोन २५.२ अंश. ८ भागिले १५, कोन २८.१ अंश. आणि त्वचेच्या रंगगटांमधली एक सीमा २८ वर. एकाच हाताची एकच त्वचा मोठ्या यंत्रात 'सावळी' आणि आमच्या प्रोबमध्ये 'मध्यम'. म्हणजे आमचा प्रोब लोकांना एक पायरी गोरं करून देतो.

१७ जून

काळा सापळा लावला: आतून काळी मखमल लावलेली खोल नळी, जिच्यातून काहीच परत येऊ नये. प्रोबवर शून्य यायला हवं. निळ्या भागात थोडा उजेड शिल्लक. खिडकी काढून बघितलं तर शून्य. म्हणजे दोष खिडकीचा. खोलीत अंधार करून ३६५ ची टॉर्च मारली, तर क्वार्ट्झ गप्प आणि भोवतालची ग्लूची कडी चंद्रासारखी निळी.

ग्लूचा कागद पुन्हा वाचला. शेवटून दुसरी ओळ: तपासणीच्या सोयीसाठी फ्लुओरेसंट. ग्लू सगळीकडे नीट पसरला की नाही हे अतिनील दिव्याखाली दिसावं म्हणून तो पदार्थ मुद्दाम घातलेला असतो. इतर कुठल्याही कारखान्यात ही सोयच. आमच्या प्रोबचा पांढरा एलईडी ४०५ च्या चिपवर चालतो. तो कडीला चेतवतो, कडी निळं चमकते आणि ते निळं डिटेक्टर त्वचेच्या खात्यात जमा करतो. निळं वाढलं की पिवळेपणा कमी भरतो.

यातली वाईट गोष्ट वेगळीच आहे. कडीचा उजेड बेरजेत येतो, गुणाकारात नाही. गोऱ्या त्वचेवरून भरपूर उजेड परततो, त्यात ही भर हरवते. गडद त्वचेवरून परतणारा उजेड मुळातच कमी. तिथे तेवढीच भर मोठी चूक करते. पांढऱ्या टाइलवर कॅलिब्रेशन करून ती दिसतही नाही. रंगद्रव्याच्या अभ्यासासाठी बनवलेलं यंत्र नेमकं जिथे रंगद्रव्य जास्त तिथेच जास्त चुकणार होतं. मनगट भाजून घेतलं नसतं तर हे कधी कळलं असतं कोण जाणे.

चाळीसच्या चाळीस कड्या बाद.

२० जून

नवा ग्लू: कॅटायनिक इपॉक्सी, फ्लुओरेसंट भर नसलेला. एक थेंब घट्ट करून आधी टॉर्चखाली पाहिला. चमक आहे, पण पूर्वीच्या मानाने नगण्य. सापळ्यात शून्य.

याचं रसायन वेगळं. उजेडाने मूलकं नाही, तीव्र आम्ल तयार होतं आणि ते आम्ल इपॉक्सीच्या रेणूतलं अणूंचं कडं उघडत साखळी वाढवत नेतं. ऑक्सिजनचा अडथळा नाही. दोन साखळ्या भेटून थांबण्याचा प्रकारही नाही, म्हणून दिवा बंद केला तरी काम चालू राहतं, तासन् तास. पूर्ण ताकद यायला एक दिवस.

सुरुवातीला हे गैरसोयीचं वाटलं. मग लक्षात आलं की यामुळे खिडकीतून उजेड द्यायची गरजच नाही. कडीवर ग्लू लावायचा, त्यालाच थेट उजेड द्यायचा, तो पातळ आहे तोवर वर खिडकी ठेवायची आणि सोडून द्यायचं. कडीच्या ओठाखाली सावलीत राहणारा ग्लूही आता आधीच उजेड खाऊन आलेला असतो. ९ तारखेची पॉलिकार्बोनेटची खिडकीही अशी बसली असती. मुलाला सांगितलं, तर "मी म्हटलं होतं ना दादा" असा चेहरा. म्हटलं नव्हतं.

२४ जून

दहापैकी चार कड्या दुसऱ्या दिवशीही ओल्या. दिवा तोच, ग्लू तोच, वेळ तीच. दोन तास डोकं खाजवलं. शेवटी मुलानेच सांगितलं की या चार अल्ट्रासॉनिक टाकीत साबणाने धुतल्या होत्या, बाकीच्या अल्कोहोलने पुसल्या होत्या. साबण अल्कधर्मी. धातूवर राहिलेल्या पुसटशा थरानेही आम्ल मरतं, आणि या ग्लूत आम्ल मेलं की सगळं मेलं. आता साबणानंतर तीनदा शुद्ध पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. दमट हवेचंही याला वावडं आहे. सिलिका जेलचा डबा ठेवला.

२७ जून

पेटी. मेलॅनिन नव्याने बनायला लावायचं तर ३६५ चा भरवसा नाही, अतिनील-बी, म्हणजे त्याहून कमी तरंगलांबीचं अतिनील, हवं. त्या मार्गात पेशीच्या डीएनएला होणारी इजा हीच सुरुवातीची घंटा असते: इजा झाली की केराटिनोसाइटमधलं (बाह्यत्वचेच्या मुख्य पेशींमधलं) पी५३ हे पहारेकरी प्रथिन जागं होतं, एका मोठ्या प्रथिनातून मेलॅनोसाइटला चेतवणारा संप्रेरक तुटून बाहेर पडतो, तो मेलॅनोसाइटच्या ग्राहीवर बसतो, आत टायरोसिनेज, म्हणजे मेलॅनिन बनवणारं विकर, वाढतं. रंग दिसायला दोन-तीन दिवस. काळवंडणं आणि रंगणं यांत इतकं अंतर आहे, आणि बोलताना आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो.

अतिनील-बी च्या नळ्या २९० च्या खालीही थोडं टाकतात. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात ते जवळजवळ नसतं. ते आडवायला सेल्युलोज ट्रायॲसिटेटची फिल्म. ही फिल्म स्वतःही किरण खाऊन बदलत जाते, म्हणून पेटीच्या दारावरच तासांची नोंद ठेवायची आणि ठरलेल्या तासांनंतर बदलायची. नळ्यांसाठी वेगळं मीटर. ३६५ चं इकडे आणायचं नाही, पट्टी आहेच.

१ जुलै

पहिली फेरी वाया. नमुने पोषक द्रावणातच ठेवून उजेड दिला. त्यातलं रायबोफ्लेविन अतिनील-ए खाऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. पेशींनी सोसलं ते उजेडाचं की विषाचं, सांगता येणार नाही. यापुढे साधं फॉस्फेट बफर, आणि उजेड संपला की परत पोषक द्रावण. ताटलीचं पॉलिस्टायरीनचं झाकणही काढायचं, ते अतिनील-बी चा मोठा वाटा खातं. न विचारता पुढे गेलो, चूक माझी.

४ जुलै

मॅडमना उजेडानंतर लगेचचा एक नमुना हवा आणि तीन तास अंधारात ठेवलेला दुसरा. का, विचारलं. त्यांनी २०१५ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या कामाबद्दल सांगितलं. अतिनील-ए बंद केल्यानंतरही मेलॅनोसाइटमध्ये डीएनएची इजा तीन तास आणि त्याहून जास्त वेळ वाढत राहते. प्रकाशाने चेतलेल्या रसायनांमुळे मेलॅनिनचे तुकडे ऊर्जेने भारले जातात आणि ती ऊर्जा डीएनएला देतात. फोटॉन एकही नसताना फोटॉनने व्हावी तशी इजा. ढाल म्हणून मिरवणारं मेलॅनिन अंधारात असं वागतं.

मी त्यांना नव्या ग्लूची गोष्ट सांगितली. दिवा बंद, काम चालू. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुमच्या वहीत ज्यूलशेजारी घड्याळही लिहा." वहीच्या तक्त्यात आज तीन रकाने वाढवले: तरंगलांबी, किती वेळात दिलं, आणि दिवा बंद झाल्यापासून मोजेपर्यंत किती वेळ गेला. जुन्या नोंदींत शेवटचा रकाना भरता येत नाही. तिथे रेघ.

पेटीच्या खालच्या कप्प्याला ३७ अंशांचा काळा डबा जोडला, म्हणजे नमुना उजेडातून थेट अंधारात जाईल आणि खोलीतला उजेड मधे येणार नाही.

८ जुलै

कड्या: चाळीस, सगळ्या सापळ्यात शून्य. एकीला काठावर बुडबुडा, ती सुटे भागांत.

१४ जुलै

नव्या प्रोबने मोठ्या यंत्राशी तुलना. माझं मनगट, पट्टीशेजारची जागा: दोन्हीकडे २५ अंशांच्या आसपास, फरक दशांशात. मुलाचा हात माझ्याहून गडद आहे; तिथेही दोन्ही यंत्रं जुळली. मला खरी तपासणी हीच वाटत होती.

पट्टीची नोंदही घेतली. १६ जूनला मोठ्या यंत्रावर उजळपणा ५४, पिवळेपणा १८, कोन १२.५. आज उजळपणा ५७, पिवळेपणा १७.५, कोन २१.८. विरत चालली आहे, पण अजून आहे. तक्त्यात भरली: ३६५ नॅनोमीटर, १४.४ ज्यूल, ३० मिनिटं, दिवा बंद झाल्यापासून ३३ दिवस.

मॅडमनी त्या ओळीपुढे पेन्सिलने लिहिलंय: "नमुन्याची संमती घेतली का?"